परतीची वाट असलेले खासदार

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

कुडाळला आमचा छापखाना आहे. सासऱ्यांनी तो एका ट्रेडल मशीनवर आणि चार खणांच्या खिळ्यांवर सुरू केला. पुढे मी आणि यजमानांनी त्यात ऑफसेट आणला, मग डीटीपी, मग फ्लेक्स. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, दशावतारी नाटकांची हँडबिलं ही आमची रोजची कामं, आणि दर निवडणुकीला पत्रकं. सासऱ्यांची एक शिस्त होती. छापून झालेल्या प्रत्येक कामाची एक प्रत जाड वहीत चिकटवायची आणि खाली तारीख, कागद, प्रती असं लिहून ठेवायचं. ती शिस्त मी आजपर्यंत पाळली आहे. त्यामुळे आमचा मतदारसंघ राजापूर म्हणून ओळखला जायचा तेव्हापासून ते आजच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गपर्यंत उमेदवार मतदाराला स्वतःबद्दल काय सांगत आले, ते माझ्याकडे कागदावर आहे. देशाच्या संसदेत, ज्यांना राजकारणाखेरीज दुसरं कसलंच काम कधी नव्हतं अशा माणसांची संख्या वाढते आहे. त्याबद्दल मला मनापासून जे वाटतं, ते या वह्यांच्या आणि संसदेच्या उघड नोंदींच्या आधारे लिहिते आहे.

१९७१ च्या वहीत झोपडीचा ब्लॉक वापरून छापलेलं एक हँडबिल आहे. झोपडी ही प्रजा समाजवादी पक्षाची निशाणी, आणि उमेदवाराच्या नावाआधी ‘प्रा.’. मधु दंडवते तेव्हा मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होते. त्यांच्याआधी याच मतदारसंघानं १९५७, १९६२ आणि १९६७ अशी तीन वेळा वेंगुर्ल्याच्या बॅ. नाथ पैंना निवडून दिलं होतं. १९९६ पासून चार वेळा निवडून गेले ते सुरेश प्रभू, व्यवसायानं चार्टर्ड अकाउंटंट. यांचे पक्ष वेगळे, विचार त्याहून वेगळे, आणि आमच्या घरातली मतंही कधी एका बाजूला पडली नाहीत. पण राजकारणात येण्याआधी हा माणूस काय करत होता आणि उद्या हरला तर काय करील, या दोन प्रश्नांची उत्तरं मतदाराला विचारावी लागत नसत.

आता ग्रामपंचायतीपासून वरपर्यंत ‘व्यवसाय’ म्हणून जो मजकूर येतो तो ठरलेला आहे: समाजसेवा, शेती, किंवा शेती व समाजसेवा. शेती लिहिणाऱ्यांत खरे शेतकरी आहेत, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण ज्यांच्या बागेतले आंबे उतरवताना ते स्वतः कधी झाडाखाली उभे राहिले नाहीत, तेही शेतीच लिहितात. दिल्लीत चित्र वेगळं नाही. सध्याच्या अठराव्या लोकसभेत जवळपास निम्म्या सदस्यांनी शेती किंवा समाजकार्य हाच व्यवसाय सांगितला आहे. वकील शंभरात सात, डॉक्टर शंभरात चार. पहिल्या लोकसभेत एकटे वकीलच एक तृतीयांशाच्या आसपास होते.

कोणी म्हणेल, २०२४ मध्ये तर २८० सदस्य पहिल्यांदाच निवडून आले, म्हणजे निम्म्याहून जास्त सभागृह नवं आहे, मग तक्रार कसली? चेहरे नवे आहेत हे खरं. पण आपल्या महाराष्ट्रातून पहिल्यांदा लोकसभेत गेलेल्यांची यादी काढून बघा, त्यातले कितीतरी निवडून आले त्या दिवशी विधानसभेचे आमदार होते. काहींच्या घरात खासदारकी दोन पिढ्यांपासून आहे. दिंडोरीतून भास्कर भगरे यांच्यासारखा शाळेत शिकवणारा माणूस निवडून आला, ते अपवाद म्हणूनच बातमीत आलं. आजच्या बाकी कोणाची नावं मी घेत नाही, कारण मुद्दा एका माणसाचा नाही आणि एका घराण्याचाही नाही. सगळ्याच पक्षांत तीच तऱ्हा आहे, आणि मी सगळ्याच पक्षांची कामं केली आहेत.

या बदलाचा खरा अर्थ मला कळला तो एका फ्लेक्सच्या प्रूफवरून. लोकसभेच्याच निवडणुकीतली गोष्ट, पक्ष कुठला ते सांगत नाही. डिझाइन मुंबईहून तयार होऊन आलं होतं. वरच्या पट्टीत नेत्यांचे फोटो, त्यांचा क्रम ठरलेला, कोणाचा फोटो केवढा तेही ठरलेलं. मधे उमेदवार, खाली त्याचा परिचय. मी प्रूफ काढून दिलं. अर्ध्या तासात कार्यकर्ता परत आला आणि म्हणाला, “वयनी, सायबांचो फोटो बारीक दिसता. वरसून फोन येतलो.” वरच्या पट्टीतले दोन फोटो सारखे केले, पुन्हा प्रूफ काढलं. मग तिसऱ्या नेत्याच्या फोटोवरून ते पुन्हा परत आलं. खालच्या परिचयात मात्र उमेदवाराच्या एका पदाचं साल चुकलं होतं. मी ते दाखवलं, तर पोरगा म्हणाला, असूदे, तो कोण वाचतलो. त्या मुलाला मी दोष देत नाही. आपल्या उमेदवाराचं भवितव्य कुठे ठरतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ते वरच्या पट्टीत ठरतं. मतदाराला वाचायला असलेली खालची चार वाक्यं कोणाच्याच लेखी महत्त्वाची नव्हती.

जुन्या वहीतल्या पत्रकांवरही नेत्यांचे फोटो असायचे, नाही असं नाही. ब्लॉक महाग पडायचा म्हणून एकच असायचा, आणि तो बहुतेक वेळा उमेदवाराचा.

ज्याला राजकारणाबाहेर उभं राहायला जागा आहे, तो ‘नाही’ म्हणू शकतो. माझं सगळं म्हणणं एवढ्या एका गोष्टीपाशी येतं. आपल्या कोकणातलंच उदाहरण घ्या. चिंतामणराव देशमुख १९५२ साली कुलाब्यातून, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातून, लोकसभेवर निवडून आले. त्याआधी ते आयसीएस होते, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर होते आणि १९५० पासून केंद्रात अर्थमंत्री. १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्रशासित करण्याचं घाटत होतं, तेव्हा त्यांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि त्याची कारणं लोकसभेत उभं राहून सांगितली. पुढे ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले, मग दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. त्यांच्या निष्ठेला आणि धाडसाला मी कमी लेखत नाही, ते होतंच. पण त्या धाडसाला आधारही होता. पद गेलं तरी त्यांचं नाव, त्यांची विद्या आणि त्यांचा रोजचा दिवस त्यांच्यापाशी राहणार होता. आजच्या खासदाराचं तिकीट गेलं तर त्याच्यापाशी काय राहतं? गाड्या, माणसं, कारखान्याचं किंवा बँकेचं संचालकपद, मुलासाठी धरून ठेवलेली जिल्हा परिषदेची जागा, सगळंच त्या तिकिटाला बांधलेलं असतं. अशा माणसानं नेत्याला तोंडावर विरोध करावा अशी अपेक्षा धरणं म्हणजे त्याच्या घरादाराचा बळी मागणं. फार थोडे तो देतील.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर माझ्यावर अन्याय होईल आणि मोठ्या माणसांवरही. दंडवते वीस वर्षं लोकसभेत होते. नाथ पै तर तरुणपणी बेचाळीसच्या चळवळीत उतरले ते अखेरपर्यंत राजकारणातच होते. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा आमदार झाले. यांना पूर्णवेळ राजकारणी म्हणायचं नाही तर कोणाला? त्यामुळे ‘एका माणसाला दोनच वेळा खासदारकी द्या’ हा जो उपाय हल्ली सगळीकडे फिरतो, तो मला पटत नाही. संसदेचं काम शिकावं लागतं. अर्थसंकल्प वाचायला, स्थायी समितीत अधिकाऱ्यांना अडवायला, नियमावलीतला नेमका नियम काढून सभापतींसमोर धरायला वर्षं जातात. दंडवत्यांनी १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाल्यावर दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर फोमच्या गाद्या घालायला सुरुवात केली. त्याआधी सहा वर्षं ते विरोधी बाकांवर होते आणि त्यातला काही काळ आणीबाणीच्या तुरुंगात गेला होता. १९८९ मध्ये ते अर्थमंत्री झाले ते अठरा वर्षांच्या संसदेच्या अभ्यासावर. अशा माणसाला दहा वर्षांनी घरी पाठवून कोणाचं भलं झालं असतं?

नाथ पैंचं एक काम तर आज ऐकून खोटं वाटेल. १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं संसदेला मूलभूत हक्कांत बदल करता येणार नाही असा निकाल दिला. तो अधिकार संसदेला परत मिळावा म्हणून नाथ पैंनी खासगी सदस्याचं, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारानं स्वतः मांडलेलं, घटनादुरुस्ती विधेयक आणलं. विरोधी बाकावरच्या एका खासदाराच्या विधेयकावर साऱ्या देशात वाद झडला, ते संयुक्त समितीकडे गेलं, कायदेपंडितांनी त्याच्या बाजूनं आणि विरोधात लेख लिहिले. ते संमत झालं नाही. १९७१ च्या जानेवारीत नाथ पै गेले, आणि त्याच वर्षी सरकारनं चोविसावी घटनादुरुस्ती आणली ती त्याच दिशेनं. त्यांचं मत बरोबर होतं की नव्हतं यावर आजही दोन बाजू आहेत. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की राजापूरच्या खासदाराला राज्यघटनेबद्दल स्वतःचं असं एक मत होतं आणि ते मांडायला त्याला कोणाची परवानगी लागली नाही. स्वातंत्र्यानंतर आजवर खासगी सदस्यांची फक्त चौदा विधेयकं कायदा होऊ शकली, आणि त्यातलं शेवटचं १९७० सालचं. त्यानंतर पन्नास वर्षांहून अधिक काळात एकही नाही.

तेव्हा ‘राजकारण हेच काम’ असण्यात पाप नाही. त्या कामाचा धनी कोण, मतदार की पक्षाचा नेता, यावर सगळं अवलंबून आहे. नुसती पदवी किंवा दुसरा व्यवसाय असून भागत नाही, हेही आमच्याच मतदारसंघानं पाहिलं आहे. सुरेश प्रभू केंद्रात ऊर्जामंत्री होते, विजेच्या नव्या कायद्याचं काम त्यांच्या हातात होतं, आणि २००२ मध्ये पक्षानं सांगितलं म्हणून त्यांना मंत्रिपद सोडावं लागलं. तो वीज कायदा २००३ मध्ये झाला, ते पदावर नसताना. इथल्या मतदारानं त्यांना परत बोलावलं नव्हतं.

याची मुळं कायद्यातही आहेत. १९६७ नंतर ‘आयाराम गयाराम’ चा जो बाजार मांडला गेला, तो थांबवायला १९८५ मध्ये बावन्नावी घटनादुरुस्ती आली आणि राज्यघटनेला पक्षांतरबंदीचं दहावं परिशिष्ट जोडलं गेलं. लोकसभेनं ती ३० जानेवारीला संमत केली आणि राज्यसभेनं दुसऱ्याच दिवशी. हेतू चांगला होता. पण त्यात एक कलम असं बसलं की पक्षाचा व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा आदेश, मोडून कोणत्याही विधेयकावर मत दिलं, तरी सदस्यत्व जाऊ शकतं. सरकार पडण्याचा प्रश्न असो की एखाद्या बंदराच्या कायद्याचा, नियम एकच. १९९० मध्ये दिनेश गोस्वामी समितीनं सुचवलं होतं की ही शिक्षा विश्वासदर्शक किंवा अविश्वास ठरावापुरतीच ठेवावी. ते तसंच पडून राहिलं. खासदार मनीष तिवारी यांनी याच अर्थाचं खासगी विधेयक एकाहून अधिक वेळा मांडलं, तेही पुढे सरकलं नाही.

आणि ज्या घाऊक पक्षांतरासाठी हा कायदा केला, ते थांबलं का? महाराष्ट्राला हे कोणी सांगायची गरज नाही. २०२२ मध्ये जवळपास चाळीस आमदार एका पक्षातून एका रात्रीत वेगळे झाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, मे २०२३ मध्ये निकाल आला, जानेवारी २०२४ मध्ये विधानसभा अध्यक्षांनी निर्णय दिला, आणि दोन्हीकडचा एकही आमदार अपात्र ठरला नाही. म्हणजे चाळीस जण मिळून गेले तर सदस्यत्व शाबूत राहतं, आणि एकट्या माणसानं एका विधेयकावर आपल्या मतदारसंघाच्या बाजूनं मत दिलं तर ते धोक्यात येतं. बाजार तसाच राहिला, सदसद्विवेकाची तेवढी अडचण झाली. ब्रिटनमध्येही शाळा-कॉलेज संपवून थेट नेत्यांच्या कचेरीत लागणारे आणि तिथून संसदेत जाणारे वाढले आहेत. पण मार्च २००३ मध्ये इराक युद्धाच्या ठरावावर पंतप्रधान ब्लेअर यांच्याच पक्षाच्या १३९ खासदारांनी त्यांच्याविरुद्ध मत दिलं, आणि त्या मतामुळे त्यातल्या कोणाची जागा गेली नाही. आपल्याकडे तसं एकानं करायचं म्हटलं तरी आधी वकील गाठावा लागेल.

मग सभागृहात काय होतं? पहिल्या लोकसभेच्या ६७७ बैठका झाल्या. सतराव्या लोकसभेच्या २७४, पूर्ण मुदत संपवलेल्या कोणत्याही लोकसभेपेक्षा कमी. सतराव्या लोकसभेला पाचही वर्षं उपाध्यक्ष नव्हता. संमत झालेल्या विधेयकांपैकी सुमारे ३५ टक्क्यांवर तासभरसुद्धा चर्चा झाली नाही. २०२३ च्या मार्चमध्ये सुमारे ४५ लाख कोटींचा अर्थसंकल्प लोकसभेनं चर्चेविना संमत केला. हे वाचून सरकारवर राग येतो आणि गोंधळ घालणाऱ्या विरोधकांवरही येतो. माझा राग त्याहून पुढे जातो. सभागृहात ५४३ माणसं आहेत. त्यातल्या शंभर जणांनी, पक्ष बाजूला ठेवून, ‘या खर्चावर चर्चा झाल्याशिवाय आम्ही मत देणार नाही’ असं म्हटलं असतं तर? असं म्हणावं हे कोणाच्या मनातही आलं नसेल असं मला वाटत नाही. म्हणण्याची कोणाची परिस्थिती नव्हती.

आता पैशाकडे येते. खासदारांचा पगार आणि पेन्शन यांवरून जे संतापलेले मेसेज फिरतात, त्यांत मी सामील नाही. १९५४ च्या कायद्यात खासदाराचा पगार महिना ४०० रुपये होता आणि हजेरीच्या दिवसाचा भत्ता २१ रुपये. आज पगार १ लाख २४ हजार आहे आणि माजी खासदाराचं पेन्शन ३१ हजारांपासून सुरू होतं. भत्ते, घर, प्रवास वेगळा. मी म्हणते, हे असू द्या. पगार बंद केला तर ज्याच्या घरात आधीच भरपूर आहे तोच दिल्लीला जाईल. काजूच्या कारखान्यात काम करणारी बाई खासदार झाली तर तिनं पाच वर्षं खायचं काय? पण हिशेब जरा पुढे न्या. १ लाख २४ हजार गुणिले साठ महिने म्हणजे ७४ लाख ४० हजार. आणि महाराष्ट्रात लोकसभेच्या एका उमेदवाराला कायद्यानं करता येणारा खर्च ९५ लाख. पाच वर्षांचा अख्खा पगार एका निवडणुकीच्या कायदेशीर खर्चालाही पुरत नाही. पहिल्या निवडणुकीत ही मर्यादा २५ हजार होती. शिवाय पक्षानं करायच्या खर्चाला मर्यादाच नाही. जिल्हा निवडणूक कार्यालय दर निवडणुकीला दरपत्रक काढतं. खुर्ची, मांडव, चहा, वडापाव, फ्लेक्स, प्रत्येकाचा दर त्यात असतो आणि त्या दरानं उमेदवाराचा खर्च धरला जातो. त्या दरपत्रकातली माझ्या धंद्याची पानं मी दर वेळी नीट वाचते. प्रत्यक्षात मतदारसंघात जेवढा कागद आणि जेवढं कापड लागलेलं दिसतं, ते त्या दरानंही ९५ लाखांत कसं बसतं, हे मला आजवर जुळलेलं नाही.

हे पैसे कुठून तरी येतात, आणि जिथून येतात तिथे खासदार बांधला जातो. २०२४ मध्ये निवडून आलेल्या खासदारांपैकी ९३ टक्के कोट्यधीश आहेत. २००९ मध्ये हे प्रमाण ५८ टक्के होतं. पंधरा वर्षांत मतदार एवढे श्रीमंत झाले नाहीत.

एक उलटी बाजू मात्र मला टाळता येत नाही. पहिल्या लोकसभेतल्या त्या वकील-प्राध्यापकांत बहुजन घरातली माणसं किती होती, बायका किती होत्या? फार कमी. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना वकिली करता आली नाही, कॉलेजात शिकवता आलं नाही, त्यांच्यातल्या हुशार मुलांना सार्वजनिक आयुष्यात वर यायला राजकारण हीच एक वाट उघडी होती. सहकारी सोसायटी, पंचायत समिती, जिल्हा परिषद अशा पायऱ्या चढून ज्यांनी विधानसभा आणि लोकसभा गाठली, त्यांना मी ‘धंदेवाईक राजकारणी’ म्हणून एका फटकाऱ्यात मोडीत काढणार नाही. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं आणि महाराष्ट्रातल्या पन्नास टक्के आरक्षणानं गावोगाव बायका सरपंच झाल्या. त्यांतल्या कितीतरींची प्रतिज्ञापत्रं माझ्याच कॉम्प्युटरवर टाइप झाली आहेत. पहिल्या वेळी नवरा शेजारी बसून उत्तरं द्यायचा आणि ती गप्प असायची. दुसऱ्या वेळी तीच बाई त्याला थांबवून सांगायची, गट नंबर चुकलो, पुन्हा टाइप करा. या बायका पुढे जिल्हा परिषदेत आणि तिथून दिल्लीला गेल्या पाहिजेत. त्यांचं राजकारण हे काम असलं तर मला आनंद आहे. पण त्या पायरीवरून वर जायचं तिकीट पुन्हा त्याच वरच्या पट्टीतल्या फोटोंकडून मिळतं, आणि तिथपर्यंत पोचेस्तोवर यांच्यातल्या बहुतेकींच्या जागी कोणाची तरी सून किंवा लेक उभी असते.

काम करणाऱ्या माणसाला संसदेत जायचं असेल तर आज वाट कुठे आहे? आमच्या आळीत जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या एक बाई आहेत. गावाच्या पाण्याच्या योजनेपासून शाळेच्या पटापर्यंत सगळं त्यांना तोंडपाठ, आणि बोलायला उभ्या राहिल्या की सभा शांत होते. त्यांना साधी पंचायत समितीची निवडणूकही लढवता येत नाही. लढवायची तर आधी नोकरीचा राजीनामा. हरल्या तर नोकरीही गेली. जर्मनीच्या राज्यघटनेच्या ४८ व्या कलमात उमेदवाराला प्रचारासाठी रजा मिळण्याचा हक्क लिहिला आहे आणि खासदार झाला म्हणून कोणालाही नोकरीवरून काढता येत नाही. तिथे लोक उलट तक्रार करतात, की संसदेत शिक्षक आणि सरकारी नोकरच फार झाले. आपल्याकडे कलेक्टर, तहसीलदार, पोलीस यांना निवडणुकीपासून लांब ठेवलं पाहिजे, याबद्दल वाद नाही. पण शाळेतल्या बाई, आरोग्यकेंद्रातली नर्स, एसटीचा कंडक्टर यांना बिनपगारी रजा घेऊन उभं राहता यावं आणि पाच वर्षांनी आपल्या जागी परत येता यावं, एवढं करायला काय हरकत आहे? ज्याला परत येता येतं, त्यालाच तिथे मोकळेपणानं बोलता येईल.

माझ्या धंद्यातला एक कायदा सांगते, कारण त्यावरूनच माझी मागणी निघाली आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२७-अ कलमानुसार निवडणुकीच्या प्रत्येक पत्रकावर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापावाच लागतो. छापायच्या आधी प्रकाशकाकडून दोन प्रतींत घोषणापत्र घ्यायचं, त्यावर त्याला ओळखणाऱ्या दोघांच्या सह्या घ्यायच्या, आणि छापून झालं की एक प्रत जिल्हाधिकारी कचेरीत पाठवायची. चुकलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा कायदा योग्य आहे आणि मी तो काटेकोर पाळते. एका पानाच्या कागदाची जबाबदारी कोणाची, हे लोकांना कळलंच पाहिजे.

पण देशाचा कायदा संमत होताना कोणत्या खासदारानं होय म्हटलं आणि कोणी नाही, याची नोंद बहुतेक वेळा होतच नाही. आवाजी मतदान होतं, अध्यक्ष म्हणतात होकाराचं बहुमत आहे, आणि संपलं. २० सप्टेंबर २०२० ला राज्यसभेत शेतीविषयक विधेयकं आली तेव्हा सदस्यांनी मतविभाजन, म्हणजे प्रत्येकाचं मत मोजून नोंदवणं, मागितलं होतं. ते मिळालं नाही, आणि विधेयकं आवाजी मतानं संमत झाली. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये तेच कायदे मागे घेतले गेले, तेही चर्चेविना. येताना कोण बाजूनं होतं आणि जाताना कोण, हे आज एकाही शेतकऱ्याला नावानिशी सांगता येणार नाही.

म्हणून माझं एक मागणं संसदेकडे आहे आणि एक आपल्या वर्तमानपत्राकडे. संसदेनं प्रत्येक विधेयकाच्या अंतिम मंजुरीला बटण दाबूनच मतदान घ्यावं. यंत्रणा प्रत्येक बाकावर बसवलेली आहे, नव्या खर्चाची गरज नाही. व्हिपची सक्ती सरकार टिकण्या-पडण्याच्या मतदानापुरती ठेवावी. आणि प्रत्येक मतदारसंघाचा उमेदवार त्या पक्षाच्या तिथल्या नोंदणीकृत सभासदांनी मत देऊन निवडावा, त्यासाठी कायदा करावा. यातलं शेवटचं लगेच होणार नाही, हे मला कळतं. ज्यांच्या हातात तिकिटं आहेत तेच ते कशाला सोडतील? पण पहिल्या दोन गोष्टींसाठी तरी खासदारांनीच पुढे यावं, कारण त्यात त्यांचीही सुटका आहे.

आपल्याकडे मागणं सोपं आहे. अधिवेशन सुरू झालं की पहिल्या पानावर कोणी कोणाला काय टोला मारला ते येतं. ते छापा, लोक वाचतात. त्यासोबत प्रत्येक अधिवेशन संपल्यावर महाराष्ट्राच्या ४८ खासदारांचा एक तक्ता द्या: हजेरी किती दिवस, प्रश्न किती आणि कशावर, कोणत्या चर्चेत भाग घेतला, खासगी विधेयक आणलं का, आणि मतविभाजन झालं असेल तिथे मत काय दिलं. ही माहिती संसदेच्या संकेतस्थळावर उघड असते, ती जमवायला कोणाची मेहेरबानी लागत नाही. खासदारानं राजकारणात येण्याआधी काय काम केलं, त्याचाही एक रकाना ठेवा. अर्ध्या पानाचं काम आहे. आपल्या जिल्हा आवृत्तीत निदान त्या-त्या जिल्ह्याचा खासदार द्या. पुढच्या अधिवेशनापासून सुरू केलंत तर २०२९ च्या निवडणुकीपर्यंत लोकांच्या हातात काही वर्षांचा हिशेब असेल. तो तक्ता कापून मी माझ्या वहीत, त्या-त्या उमेदवाराच्या पत्रकाशेजारी चिकटवीन, आणि दुकानात येणाऱ्या ज्याला बघायचा असेल त्याला दाखवीन.

कळावे,
आपली नम्र,
(सही)
मालक व मुद्रक,
कुडाळ, जि. सिंधुदुर्ग